पीएचडी करून काय दिवे लावणार? ऐका मग!

दर वर्षी 13 एप्रिलला आमच्या विंझरच्या बौद्धवस्तीत एक काम कुणी न सांगता होतं. खांबावरचा जुना निळा झेंडा उतरवायचा आणि रात्री बारापूर्वी नवा चढवायचा. गेल्या जयंतीला झेंडा उतरवला तेव्हा वर्षभराच्या उन्हाने त्याचा रंग पार विटला होता. निळा म्हणायचा तो फक्त सवयीने. वस्तीतली एक मुलगी, नुकतीच बारावी सायन्सची परीक्षा देऊन बसलेली, तो झेंडा हातात घेऊन उलटापालटा करत होती. काठी जिथून ओवतात तो नेफा तिने उसवला आणि मला म्हणाली, "दादा, हे बघा. नेफ्याच्या आतला पट्टा अजून गडद निळा आहे. पावसाने रंग गेला म्हणता, पण पाऊस तर नेफ्यातही मुरतो. मग आतला रंग का नाही गेला?"

मला उत्तर देता आलं नाही. तिने मात्र स्वतःच दिलं. "म्हणजे पावसाने नाही, उजेडाने खाल्ला रंग."

शेजारी मंडपाचा बांबू रोवत असलेल्या तिच्या चुलत्याने हे ऐकलं आणि हसून म्हणाला, "लय डोकं आहे पोरीला. आता आर्ट्सला टाकू. एमपीएससी करंल, तलाठी व्हईल. सायन्स आपल्याला कुठं झेपतंय?"

मित्रांनो, या दोन वाक्यांवरच मला हा लेख लिहायचा आहे. पहिलं वाक्य त्या मुलीचं, उजेडाने रंग खाल्ला. दुसरं तिच्या चुलत्याचं, सायन्स आपल्याला कुठं झेपतंय. पहिलं वाक्य विज्ञान आहे. दुसरं वाक्य व्यवस्थेने आपल्या तोंडात कोंबलेलं आहे, आणि ते आता आपण आपलं समजून बोलतो.

त्या रात्री घरी येऊन मी वाचत बसलो. उजेड पडल्याने पदार्थात जे बदल होतात त्यांचा अभ्यास करणारी विज्ञानाची एक अख्खी शाखा आहे. तिला प्रकाशरसायनशास्त्र म्हणतात, इंग्रजीत फोटोकेमिस्ट्री. झेंड्याच्या रंगाचा रेणू उजेड शोषतो आणि क्षणभर उत्तेजित होतो. बहुतेक रेणू ती ऊर्जा उष्णतेच्या रूपाने टाकून पुन्हा पूर्ववत होतात. पण काही रेणू त्या अवस्थेत असताना हवेतल्या ऑक्सिजनशी किंवा ओलाव्याशी अभिक्रिया करतात आणि मोडतात. रेणूचा जो भाग रंग दाखवतो तोच मोडला की रंग गेला. भाताच्या पानात उन्हापासून अन्न तयार होतं तेही याच शास्त्रात येतं, आणि आपल्या कातडीत उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होतं तेही.

या शास्त्रात मोलाचं काम करणाऱ्याला एक आंतरराष्ट्रीय सन्मान दिला जातो, पोर्टर पदक. युरोप, अमेरिका खंड आणि आशिया-ओशनिया इथल्या प्रकाशरसायनशास्त्रज्ञांच्या तीन संघटना मिळून दर दोन वर्षांनी ते देतात. ज्यांच्या नावाने हे पदक आहे ते जॉर्ज पोर्टर, 1967 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी. त्यांची जन्मतारीख वाचली आणि मी थांबलो. 6 डिसेंबर 1920.

पुढे वाचत गेलो. हे पदक मिळालेल्या सुरुवातीच्या शास्त्रज्ञांत अमेरिकेचे मायकेल काशा यांचं नाव आहे. त्यांचीही जन्मतारीख 6 डिसेंबर 1920. पदक ज्याच्या नावाचं तो आणि ज्याला मिळालं तो, दोघे एकाच दिवशी जन्मलेले. आणि पुढे 36 वर्षांनी तीच तारीख आपल्यासाठी महापरिनिर्वाण दिन झाली.

आता हे वाचून कुणी व्हॉट्सअॅपवर "अद्भुत संकेत" म्हणून फिरवू नये. हा योगायोग आहे, दुसरं काही नाही. आपण बुद्धाची माणसं आहोत, तारखांमध्ये चमत्कार शोधत नाही. पण योगायोगाने का होईना, मी या दोघांची आयुष्यं वाचली, आणि त्यात जे सापडलं ते योगायोग नव्हतं.

पोर्टर हे इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या एका छोट्या गावातल्या बांधकाम करणाऱ्या माणसाचे चिरंजीव. घराणं शास्त्रज्ञांचं नव्हतं. पोराला रसायनाचे प्रयोग करायचा नाद होता म्हणून बापाने त्याला एक जुनी बस आणून दिली. अंगणात उभी केलेली ती मोडकी बस, तीच त्याची पहिली प्रयोगशाळा. गावाजवळची शाळा झाली, मग शिष्यवृत्ती मिळाली आणि तो लीड्स विद्यापीठात गेला. युद्ध आलं तेव्हा नौदलात रडारवर काम केलं. युद्ध संपल्यावर केंब्रिजला प्राध्यापक नॉरिश यांच्या हाताखाली संशोधन सुरू केलं. रडारमध्ये विजेचे क्षणिक झटके कसे वापरतात हे त्याला माहीत झालेलं होतं, तेच त्याने उजेडाला लावलं. एक जबरदस्त लखलखाट करायचा, त्याने रेणू फोडायचे, आणि लगेच दुसरा लखलखाट करून त्या फुटलेल्या, क्षणभंगुर तुकड्यांची नोंद घ्यायची. सेकंदाच्या हजाराव्या, मग दशलक्षाव्या भागात काय घडतं ते माणसाला पहिल्यांदाच दिसू लागलं. या पद्धतीसाठी नॉरिश आणि पोर्टर यांना नोबेलचा अर्धा वाटा मिळाला, उरलेला अर्धा जर्मनीच्या मानफ्रेड आयगेन यांना. पुढे पोर्टर लंडनच्या ज्या रॉयल इन्स्टिट्यूशनचे प्रमुख झाले, तिथे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मायकेल फॅरडे काम करत होते. लोहाराचा मुलगा, पुस्तकं बांधण्याच्या दुकानात उमेदवारी केलेला.

काशा हे युक्रेनमधून अमेरिकेत आलेल्या स्थलांतरित कुटुंबातले. दिवसा एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी आणि रात्री न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये शिक्षण. त्या काळी तिथे फी घेत नसत. पुढे शिष्यवृत्ती मिळाली आणि मोठ्या विद्यापीठाचं दार उघडलं. उजेड शोषलेला रेणू कोणत्या अवस्थेत थोडा जास्त काळ थांबतो, हे ज्या संशोधनाने उलगडलं त्यात त्यांचा वाटा आहे.

दोघांच्या आयुष्यात हुशारी होतीच. पण हुशारीच्या खाली शिडीच्या पायऱ्या होत्या. गावाजवळ बरी शाळा, घराला परवडेल ते शिक्षण, वेळेवर मिळणारी शिष्यवृत्ती, हाताशी असलेली प्रयोगशाळा, आणि "तुला कुठं झेपतंय" असं न म्हणणारा बाप. पदक शिडीच्या टोकाला मिळतं. शिडी दिसत नाही, म्हणून लोक टोकाकडे बघून म्हणतात, काय मेरिट आहे!

हा मेरिटचा जप आपल्याकडे कोण करतं हे तुम्हाला सांगायला नको. "संशोधनात आरक्षण नको, तिथे फक्त गुणवत्ता हवी" हे वाक्य तुम्ही कॉलेजमध्ये ऐकलं असेल, टीव्हीवर ऐकलं असेल, वसतिगृहाच्या मेसमध्ये तर रोज ऐकलं असेल. त्यांच्यासाठी मी एकच उदाहरण देतो, आणि तेही 1920 सालचंच.

त्या वर्षी मेघनाद साहा या भारतीय शास्त्रज्ञाने एक समीकरण जगापुढे मांडलं. ताऱ्यांच्या उजेडाच्या वर्णपटावरून त्यांचं तापमान आणि त्यातली मूलद्रव्यांची अवस्था कशी ओळखायची, हे त्या समीकरणाने सांगितलं. साहा समीकरण आजही जगभर शिकवतात. हे साहा ढाक्याजवळच्या एका खेड्यातल्या किराणा दुकानदाराचे चिरंजीव, सवर्णांनी खालची मानलेल्या जातीतले. गावात पुढची शाळा नव्हती. दुसऱ्या गावच्या एका डॉक्टरने घरात ठेवून घेतलं, पण आपली ताटवाटी आपण धुवायची या अटीवर. पुढे कोलकात्याच्या हिंदू वसतिगृहात राहिले तर सवर्ण मुलांनी पंगतीला बसू दिलं नाही. ज्याच्या शेजारी बसून जेवायला त्यांना विटाळ होत होता, त्याच्या नावाचं समीकरण त्यांच्या नातवंडांना परीक्षेत लिहावं लागलं! साहांनाही परदेशी नेलं ते एका शिष्यवृत्तीने. मुंबईचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी कलकत्ता विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून ती मिळत असे. नोबेलसाठी त्यांचं नाव एकदा नाही, अनेकदा सुचवलं गेलं. मिळालं नाही.

गोष्ट इथे संपत नाही. साहांनी कोलकात्यात अणुभौतिकीची संस्था उभी केली, तिला आज साहा इन्स्टिट्यूट म्हणतात. 2019 साली 13 पॉइंट रोस्टरच्या विरोधात आपण रस्त्यावर उतरलो, 5 मार्चला भारत बंद झाला, आणि सरकारला केंद्रीय शैक्षणिक संस्थांमधल्या शिक्षक भरतीच्या आरक्षणाचा कायदा करावा लागला. त्या विजयाचे आपण पेढे वाटले. पण त्या कायद्याचं चौथं कलम आणि शेवटची यादी किती जणांनी वाचली? त्या यादीतल्या "उत्कृष्ट" आणि "सामरिक महत्त्वाच्या" संस्थांना हा कायदा लागूच होत नाही. यादीत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, जिथे प्रकाशरसायनशास्त्राचा विभाग आहे आणि जिथून मानखुर्द-गोवंडीच्या आपल्या वस्त्या फार लांब नाहीत. आणि त्याच यादीत कोलकात्याची साहा इन्स्टिट्यूटही आहे!

ज्या माणसाला जातीमुळे पंगतीतून उठवलं, त्याच्याच नावाच्या संस्थेला आरक्षणातून सूट. कारण काय, तर उत्कृष्टता. म्हणजे उत्कृष्टता आणि आपण एकत्र नांदूच शकत नाही, असं संसदेने कायद्यात लिहून ठेवलं आहे. याला मेरिट म्हणायचं की सोवळं?

आणि जिथे आरक्षण लागू आहे तिथे काय आहे? नेचर या जगप्रसिद्ध विज्ञान साप्ताहिकाने जानेवारी 2023 मध्ये भारतीय विज्ञानातल्या जातीचे आकडे मांडले. आघाडीच्या आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था इथल्या प्रोफेसरांमध्ये दलित आणि आदिवासी एक टक्काही नाहीत. कायद्याने अनुसूचित जातींना 15 टक्के आणि जमातींना साडेसात टक्के. दोन्ही मिळून साडेबावीसच्या जागी एकसुद्धा नाही. आंतरराष्ट्रीय पदकांसाठी नावं कोण सुचवतं? अशाच संस्थांमधले प्रोफेसर आणि त्यांचे जगभरचे सहकारी. ज्या खोलीत आपला माणूसच नाही, त्या खोलीतून आपलं नाव बाहेर कसं येणार?

म्हणून "पदकांच्या यादीत भारतीय किती" हा प्रश्न माझा नाही. तो प्रश्न विचारून छाती फुगवणारे किंवा हळहळणारे पुष्कळ आहेत. माझा प्रश्न असा आहे की, भारतातल्या कोणत्या घरातलं पोर त्या यादीपर्यंत पोचू शकतं आणि कोणत्या घरातलं पोर बारावीच्या पुढेच अडवलं जातं.

आता दिव्यांबद्दल. डिसेंबर 2023 च्या नागपूर अधिवेशनात संशोधक विद्यार्थ्यांच्या फेलोशिपचा विषय निघाला तेव्हा तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सवाल केला की, पीएचडी करून हे काय दिवे लावणार? पुढे गदारोळ झाला, खुलासे आले. विषय निघाला होता सारथीच्या, म्हणजे मराठा-कुणबी विद्यार्थ्यांच्या फेलोशिपचा. पण घाव एकट्या सारथीवर नव्हता. पुण्यात बार्टीच्या दारात आणि मुंबईच्या आझाद मैदानावर आपले संशोधक नोंदणीच्या तारखेपासून पूर्ण फेलोशिप मिळावी म्हणून उन्हापावसात बसले, ते याच मानसिकतेमुळे. विंझरच्या मराठा आळीतल्या पोरांनीही हे समजून घ्यावं. गावचं पोर प्रयोगशाळेत गेलेलं ज्यांना नको आहे, त्यांना ते कोणत्या आळीचं आहे याने फरक पडत नाही. आपल्या वाटेत जातीची भिंत आणखी वेगळी उभी आहे, एवढाच फरक आहे आणि तो मोठा आहे.

तर पीएचडी करून काय दिवे लावले जातात? ऐका. कोलंबियाची पीएचडी आणि लंडनची डीएस्सी घेतलेला एक माणूस 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचा सदस्य होता. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्याच्याकडे होते. त्याच्या काळात, 1944 साली, देशाच्या वीजविकासाचं नियोजन करणारं केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झालं. दामोदर खोऱ्याच्या प्रकल्पाची घडी त्याने बसवली, ज्यातून पूर आवरायचा होता, पाणी द्यायचं होतं आणि वीज बनवायची होती. दामोदरच्या पुराचा शास्त्रीय अभ्यास करून त्यावर उपाय सुचवणाऱ्यांत मेघनाद साहा होते. पंगतीबाहेर बसवलेला शास्त्रज्ञ आणि वर्गाबाहेर बसवलेला अर्थशास्त्रज्ञ, दोघांचं काम एका नदीवर येऊन मिळालं. बाबासाहेबांनी पीएचडी करून काय दिवे लावले? हे लावले. अक्षरशः लावले.

त्या पीएचडीमागेही शिष्यवृत्तीच होती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीने 1913 साली ते कोलंबियाला गेले. ती मुदत संपली तेव्हा 1917 साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परत यावं लागलं. 1920 साली, म्हणजे पोर्टर आणि काशा जन्मले त्याच वर्षी, शाहू महाराजांची मदत, मित्राकडून उसने घेतलेले पैसे आणि स्वतःची शिल्लक गोळा करून ते पुन्हा लंडनला गेले आणि शिक्षण पुरं केलं. फेलोशिप अडली की काय होतं हे बाबासाहेबांनी स्वतःच्या आयुष्यात भोगलं होतं. पुढे शंभर वर्षांनीही तेच चालू आहे. हैदराबादच्या रोहित वेमुलाला विज्ञानलेखक व्हायचं होतं. 17 जानेवारी 2016 ला तो गेला तेव्हा त्याची सात महिन्यांची फेलोशिप, 1 लाख 75 हजार रुपये, विद्यापीठाकडे थकलेली होती.

इथपर्यंत वाचून तुम्ही माना डोलावल्या असतील. आता थोडं आपल्याकडे वळतो. राग आला तर येऊ द्या.

ऑक्टोबर 1942 मध्ये बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचं एक निवेदन दिलं. त्यातला शिक्षणाचा भाग प्रत्येक कार्यकर्त्याने काढून वाचावा. बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर आणि अर्थशास्त्रज्ञ. पण त्या निवेदनात त्यांनी स्वच्छ सांगितलं की, नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अनुसूचित जातींचं फारसं भलं होणार नाही. त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं उच्च शिक्षण पाहिजे. ते महाग आहे, आपल्या घरांना झेपत नाही, म्हणून आपली मुलं नाइलाजाने कला शाखेकडे जातात. तेव्हा सरकारने पैसे द्यावेत, इथल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठीही आणि परदेशी पाठवण्यासाठीही. बनारस आणि अलीगढला अनुदान देता, मग आमच्या मुलांना का नाही, असा त्यांचा बिनतोड सवाल होता. सरकारने वर्षाला तीन लाख रुपये मंजूर केले आणि त्यातून आपली मुलं इंग्लंडला गेली. 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं तेव्हा त्यात विज्ञान शाखा सुरुवातीपासून ठेवली.

नीट पाहा. "आपल्याला सायन्स झेपत नाही" हे चुलत्याचं वाक्य बाबासाहेबांनीही ऐकलं होतं. फक्त त्यांनी त्याचा अर्थ वेगळा लावला. डोक्याला झेपत नाही असं नाही, खिशाला झेपत नाही. आणि खिशाचा इलाज राजकारणाने करता येतो. आपण मात्र खिशाचं दुखणं डोक्याचं समजून बसलो.

आज आपल्या वस्त्यांमधली हुशार पोरं कुठे आहेत? पुण्यात सदाशिव पेठेच्या अभ्यासिकांमध्ये, एमपीएससीच्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यामागे. सात-सात, आठ-आठ वर्षं. अधिकारी व्हायला माझा विरोध नाही. आपले अधिकारी हवेतच. पण एका जागेसाठी शेकडो पोरं तारुण्य जाळतात आणि त्यातला एकही कधी म्हणत नाही की मी झेंड्याचा रंग का उडतो ते शोधणार आहे, हे चांगलं लक्षण नाही. चळवळीने आम्हाला इतिहास दिला, कायदा दिला, साहित्य दिलं. दलित साहित्याने मराठीचं तोंड बदललं. पण दलित विज्ञान अशी काही मागणी आपण कधी रेटली का? जयंतीला दोन दिवसांच्या डीजेवर जो पैसा जातो, त्यात एका शाळेची प्रयोगशाळा उभी राहते. मी एका शाळेत गेलो होतो, नाव घेत नाही. तिथे प्रयोगशाळेचं कपाट कुलूपबंद होतं. साहित्य फुटेल म्हणून मुलांना दिलं जात नव्हतं. फुटू नये म्हणून ठेवलेल्या परीक्षानळ्यांवर धूळ बसली होती आणि मुलं प्रयोगाची वही फळ्यावरून उतरवून घेत होती. या कुलपाविरुद्ध आपल्यातल्या किती संघटनांनी निवेदन दिलं?

काही मित्र म्हणतील, ही पदकं, हे पुरस्कार म्हणजे प्रस्थापितांचा एकमेकांना हार घालण्याचा कार्यक्रम. आपल्याला काय करायचं त्याचं? काही म्हणतील, पोटाला भाकरी नाही, अत्याचार चालू आहेत, आणि तुम्ही प्रकाशरसायन सांगता! दोन्ही आक्षेप मी गंभीरपणे घेतो.

पदक हे ध्येय नाही हे मलाही मान्य आहे. पण ज्या क्षेत्राला जग मान देतं, त्यातून आपण स्वतःहून बाहेर राहिलो तर ब्राह्मणी व्यवस्थेचं काम आपणच फुकट करून दिलं. चवदार तळ्याचं पाणी काही वेगळं होतं म्हणून बाबासाहेब महाडला गेले नव्हते. ते माणसाचा हक्क सिद्ध करायला गेले होते. प्रयोगशाळा हे आजचं तळं आहे.

आणि भाकरीचं म्हणाल, तर भाकरी कुठून येते? आमच्या राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यात भाताच्या खाचरात चिखलात उभं राहून लावणी करणाऱ्या बायांमध्ये आपल्या आयाबहिणी किती आहेत ते मोजा. ज्या पानात उजेडाचं अन्न होतं ते पान त्यांच्या हाताने लागतं. उन्हाने कातडी त्यांची करपते. उन्हात काम करणाऱ्यांचे डोळे, त्यांची कातडी, त्यांच्या वस्तीतलं पिण्याचं पाणी उन्हाच्या मदतीने स्वस्तात शुद्ध करणं, हे सगळे प्रकाशरसायनाचे विषय आहेत. यातल्या कोणत्या प्रश्नावर संशोधन व्हावं आणि कोणत्यावर होऊ नये हे कोण ठरवतं? जो प्रयोगशाळेत बसलेला आहे तो. ज्याच्या घरात कुणी उन्हात राबलं नाही त्याला उन्हाचे सगळे प्रश्न सुचतील कसे? नेफ्यातला गडद पट्टा त्या मुलीलाच दिसला, कारण झेंडा तिच्या हातात होता.

म्हणून आपल्या मागण्या साध्या आणि स्पष्ट असाव्यात.

बार्टीची फेलोशिप प्रत्येक पात्र संशोधकाला नोंदणीच्या तारखेपासून, पूर्ण आणि दर महिन्याला मिळाली पाहिजे. ती उपकार नाही, 1942 च्या निवेदनापासूनचा आपला हक्क आहे.

2019 च्या कायद्यातली सूट देणारी यादी रद्द झाली पाहिजे. सुरुवात साहा इन्स्टिट्यूटपासून करा, म्हणजे तेवढं तरी प्रायश्चित्त होईल.

सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रत्येक संशोधन संस्थेने पीएचडीचे प्रवेश, प्राध्यापक आणि पुरस्कारांसाठी पाठवलेली नावं यांचे प्रवर्गनिहाय आकडे दर वर्षी जाहीर केले पाहिजेत. मेरिट स्वच्छ असेल तर आकडे दाखवायला भीती कसली?

आणि चौथी मागणी सरकारकडे नाही, आपल्याकडेच आहे. प्रत्येक जयंती समितीने वर्गणीतला एक ठरावीक हिस्सा वस्तीतल्या विज्ञान शिकणाऱ्या मुला-मुलींसाठी बाजूला काढावा. बसपास, जर्नल, पुस्तकं, प्रवेश फी. पोर्टरच्या बापाने एक मोडकी बस दिली होती. आपल्याला बस म्हणजे फक्त पुण्याला कामावर नेणारी एसटी माहीत आहे. आपण सगळ्यांनी मिळून एका पोरीला एक बस देऊ शकत नाही का?

विंझरहून पुणं पन्नास-पंचावन्न किलोमीटर. ती मुलगी बीएस्सी केमिस्ट्रीला गेली तर रोज जाऊन-येऊन करायचं की वसतिगृह मिळवायचं, फी कशी भरायची, चुलत्याला कसं समजवायचं, हे सगळे प्रश्न अजून तसेच आहेत. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्या चुलत्याकडे गेलो. त्याला पोर्टर सांगितला नाही, साहा सांगितले नाहीत. एवढंच म्हणालो, "अण्णा, रंग पावसाने जातो असं आपण इतकी वर्षं म्हणत होतो. पोरीने नेफा उसवून आपल्याला खोटं पाडलं. अशा पोरीला सायन्स झेपणार नाही तर कुणाला झेपणार?"

अण्णा काही बोलला नाही. पण समितीच्या पुढच्या बैठकीत वर्गणीचा हिस्सा काढण्याचा विषय मांडतो म्हणाला. बैठकीत काय होतं ते मी इथेच कळवीन. तुमच्या वस्तीत हा विषय कधी मांडताय, ते तुम्ही कळवा.

जय भीम!